किंमत म्हणजे निरोप : मेंगरपासून हायेकपर्यंत

मागच्या व्याख्यानात आपण रिकार्डोंपर्यंत आलो होतो. वस्तूचं मूल्य मुख्यतः तिच्यासाठी लागलेल्या श्रमांवरून ठरतं, हे त्यांचं म्हणणं आपण पाहिलं. आज आपल्याला व्हिएन्नाला जायचंय. 'ऑस्ट्रियन स्कूल' म्हणून जो संप्रदाय ओळखला जातो त्यातल्या चार माणसांची ओळख आज करून घेऊ.

या मंडळींबद्दल बोलायला लागलं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, 'हे भांडवलदारांचे वकील.' दुसरा म्हणतो, 'हेच खरे स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते.' आपण हे दोन्ही शिक्के थोडा वेळ बाजूला ठेवू आणि एकच प्रश्न धरून पुढे जाऊ. बाजारात किंमत नावाचा जो आकडा दिसतो तो येतो कुठून? आणि तो नसेलच, तर नेमकं काय अडतं?

सुरुवात कार्ल मेंगर यांच्यापासून. जन्म १८४० चा. तरुणपणी ते पत्रकार होते आणि बाजारभावांच्या बातम्या लिहीत. पुस्तकातले सिद्धांत एक सांगतात आणि बाजारातली अनुभवी माणसं भाव कशामुळे हलतात ते वेगळंच सांगतात, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं. १८७१ साली त्यांचं अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांवरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मूल्य वस्तूच्या पोटात नसतं, ते माणसाच्या गरजेत असतं. शिवाय माणूस कधी 'सगळं पाणी' आणि 'सगळे हिरे' यांची तुलना करत नाही. त्याच्यापुढे प्रश्न असतो तो आणखी एका तांब्याचा किंवा आणखी एका हिऱ्याचा.

हे नीट समजायला त्यांच्या परंपरेतल्या ओइगेन फॉन ब्योम-बावेर्क यांचं उदाहरण फार छान आहे. जंगलात एकटा राहणारा एक शेतकरी आहे. त्याच्याकडे धान्याची पाच पोती आहेत. पहिलं पोतं जीव जगवायला, दुसरं अंगात ताकद राहायला, तिसरं कोंबड्यांना, चौथं दारू गाळायला आणि पाचवं हौसेनं पाळलेल्या पोपटांना. आता एक पोतं उंदरांनी खाल्लं. तो काय सोडेल? उपाशी राहील का? नाही. पोपटांचं बंद करेल. म्हणजे पाचही पोती सारखीच असली, तरी एका पोत्याची किंमत त्याच्या लेखी पोपटांच्या हौसेइतकीच आहे. आणि चार पोती गेली तर? मग उरलेलं एक पोतं म्हणजे त्याचा जीव. धान्य तेच, श्रम तेच, पण मूल्य बदललं. यालाच आपण सीमांत उपयोगिता म्हणतो. इंग्लंडमध्ये जेव्हन्स आणि स्वित्झर्लंडमध्ये वालरा हेही साधारण त्याच काळात स्वतंत्रपणे इथेच पोचले होते.

मेंगर आणखी एक पाऊल पुढे गेले. पावाला किंमत आहे म्हणून पिठाला किंमत आहे, पिठाला आहे म्हणून गव्हाला, आणि गव्हाला आहे म्हणून जमिनीला. आपल्याला वाटतं की खर्च किंमत ठरवतो. ते म्हणाले, उलटं बघा. गिऱ्हाइकाची गरज मागे मागे जात खर्च ठरवते.

जर्मनीतल्या इतिहासवादी अर्थशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. त्यांचे नेते गुस्ताव श्मोलर यांच्याशी मेंगर यांचा १८८३ पासून मोठा वाद झाला. 'ऑस्ट्रियन' हे नाव त्या वादातच हिणवण्यासाठी पडलं. पुढे तेच मिरवलं गेलं.

ब्योम-बावेर्क नुसते प्राध्यापक नव्हते. ते तीनदा ऑस्ट्रियाचे अर्थमंत्री झाले. अर्थशास्त्रात त्यांनी 'वेळ' आणली. आजचे शंभर रुपये आणि पुढच्या वर्षीचे शंभर रुपये माणसाला सारखे वाटत नाहीत, आणि व्याजाचं मूळ त्या फरकात आहे, असं त्यांनी मांडलं. याच आधारावर १८९६ साली त्यांनी मार्क्सच्या मूल्यसिद्धांतावर टीका केली. गंमत बघा, त्यांच्या चर्चावर्गात कोण कोण बसत असे? ओटो बाउअर आणि रुडॉल्फ हिल्फरडिंग हे मार्क्सवादी, योसेफ शुम्पीटर, आणि लुडविग फॉन मिझेस. समाजवादावरचा विसाव्या शतकातला मोठा वाद एका अर्थी या एका खोलीतच सुरू झाला.

आता मिझेस यांच्याकडे येऊ. पहिलं महायुद्ध संपलं, साम्राज्य कोसळलं, व्हिएन्नात अन्नाची टंचाई आली. युद्धकाळात सरकारनं पुष्कळ गोष्टींचं वाटप स्वतः केलं होतं. ओटो नॉइराट यांच्यासारखे विचारवंत म्हणू लागले की शांततेतही हेच करूया, पैशाच्या हिशेबाची गरजच नाही, वस्तूंचा हिशेब थेट वस्तूंमध्येच मांडू. त्याला मिझेस यांनी १९२० साली एका लेखातून उत्तर दिलं.

हे उत्तर नीट ऐका, कारण ते बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं. समाजवादात माणसं आळशी होतील, असा हा मुद्दा नाही. मिझेस म्हणतात, समजा सगळे लोक कष्टाळू आहेत आणि नियोजन करणारे देवमाणूस आहेत. तरी प्रश्न उरतोच. नवा रेल्वेमार्ग बांधायचा की नाही? त्यासाठी पोलाद, कोळसा, मजूर, जमीन लागेल. त्यातून प्रवासाचा वेळ वाचेल. आता टनांतून तास वजा कसे करायचे? यासाठी सगळ्याला एक समान माप लागतं, आणि ते माप म्हणजे किंमत. पण कारखाने, यंत्रं, खाणी या सगळ्यांचा मालक एकटं सरकार असेल, तर त्यांची खरेदी-विक्री होणार नाही. खरेदी-विक्री नाही, तर किंमत नाही. किंमत नाही, तर हिशेब नाही. आंधळेपणानं चाचपडत जायचं, एवढंच हातात राहतं.

समाजवाद्यांनी हा मुद्दा हसण्यावारी नेला नाही. पोलंडचे ऑस्कर लांगे यांनी १९३६-३७ मध्ये सविस्तर उत्तर दिलं. नियोजन मंडळानं अंदाजानं किमती जाहीर कराव्यात, माल उरला तर कमी कराव्यात, तुटवडा पडला तर वाढवाव्यात. एवढा महत्त्वाचा प्रश्न उभा केल्याबद्दल मिझेस यांचा पुतळा उभारायला हवा, असंही ते गमतीनं म्हणाले.

इथे चौथे पाहुणे येतात, फ्रीडरिश हायेक. जन्म १८९९, व्हिएन्ना. १९३१ पासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. लांगे यांना दिलेल्या त्यांच्या उत्तराचा गाभा १९४५ च्या एका छोट्या लेखात आहे. ते म्हणतात, मंडळाला लागणारी माहिती एका जागी कधी जमतच नाही. कुठलं यंत्र कुरकुरतंय, कुठली गाडी अर्धी रिकामी परत जातेय, कुठल्या गल्लीत काय खपतं, हे त्या-त्या जागच्या माणसालाच माहीत असतं. पुष्कळदा ते त्याला शब्दांत सांगताही येत नाही.

त्यांचं कथलाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. समजा जगात कुठेतरी कथलाची टंचाई झाली. खाण बंद पडली की नवा वापर निघाला, हे वापरणाऱ्याला कळायची गरजच नाही. भाव वाढला, एवढं त्याला पुरतं. तो कथील जपून वापरतो, पर्याय शोधतो. हुकूम कुणी काढला नाही, तरी हजारो लोक योग्य दिशेनं हलले. म्हणजे किंमत हा एक निरोप आहे. आणि भाव दाबून धरला, की निरोप अर्ध्या वाटेत फाडला जातो.

पुढे काय झालं? सोव्हिएत गटातले देश आपापसातल्या व्यापारात जागतिक बाजारातल्या किमतींचा आधार घेत. नियोजनाला लागणारं माप बाहेरून उसनं आणावं लागत होतं. हायेक यांना १९७४ साली गुन्नार मिर्दाल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. मिर्दाल अगदी विरुद्ध विचारांचे होते, हे लक्षात ठेवा.

या वादाचा आपल्या देशाशी संबंध आहे का? आहे. लंडनमध्ये शिकताना हायेक यांची व्याख्यानं ऐकलेले बी. आर. शेणॉय १९५५ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी नेमलेल्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात होते. मंडळात एकट्या त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. एवढी बचत देशात नाही, नोटा छापून योजना रेटली तर महागाई होईल आणि नियंत्रणं वाढत जातील, हा त्यांचा इशारा होता. १९५७ मध्ये परकीय चलनाचं संकट आलंच. महाराष्ट्रात शरद जोशी यांनी चाकणच्या कांद्यापासून शेतमालाच्या भावाचा प्रश्न उभा केला. त्यांची मांडणी व्हिएन्नातून आलेली नव्हती. पण निर्यातबंदी करून भाव पाडला, तर शेतकऱ्याला पोचणारा निरोप खोटा ठरतो, हे आपल्याला कांद्याइतकं दुसऱ्या कुठल्या पिकानं शिकवलेलं नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे व्याख्यान न राहता प्रचार होईल. पहिली गोष्ट, किंमत फक्त ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचा निरोप नेते. उपाशी माणसाची गरज कितीही तीव्र असो, खिसा रिकामा असेल तर ती बाजाराला ऐकू येत नाही. दुसरी, नदीत सोडलेल्या घाण पाण्याची किंमत कारखान्याच्या हिशेबात येत नाही. तिथे निरोप सुटतच नाही. तिसरी, १९३० च्या महामंदीत या मंडळींनी हस्तक्षेप नको म्हटलं. हायेक यांना लंडनला आणणारे लायनल रॉबिन्स यांनी आपल्या त्या भूमिकेबद्दल पुढे उघड पश्चात्ताप व्यक्त केला. खुद्द हायेक यांनीही १९४४ च्या पुस्तकात प्रत्येकाला किमान अन्न, वस्त्र, निवारा मिळण्याची हमी श्रीमंत समाज देऊ शकतो, हे मान्य केलं होतं. त्यांचे भक्त आणि विरोधक दोघंही ते पान उलटून पुढे जातात.

मग आपण यातून काय घ्यायचं? आमच्या मते एक सवय घ्यायची. 'सरकारनं हे करावं' किंवा 'बाजारावर सोडावं' असं कुणी म्हणालं, की आधी विचारायचं : हे ठरवायला लागणारी माहिती कुणाकडे आहे, आणि ती ठरवणाऱ्यापर्यंत पोचणार कशी? आणि लगेच दुसरा प्रश्न : ज्याचा आवाज या वाटेनं पोचतच नाही, त्याचं काय? पहिला प्रश्न ऑस्ट्रियन मंडळींनी आपल्याला दिला. दुसरा त्यांना विचारायचा आहे.

त्यांना तो सगळ्यात जोरात विचारला व्हिएन्नातच जन्मलेल्या कार्ल पोलान्यी यांनी. पुढच्या व्याख्यानात त्यांच्याकडे जाऊ.