धूर लपवायचा की दोष शोधायचा?

द्राक्षबागेच्या ओळींतून फिरणारा आमचा छोटा डिझेल ट्रॅक्टर अब्बांनी घेतलेला. मागच्या थंडीत तो त्रास देऊ लागला. चावी फिरवली की स्टार्टर कण्हत फिरायचा, इंजिन सुरू झाले की निळा धूर सोडायचे. ऑइलही सारखे वर घालावे लागे. बाग कमी केली होती, म्हणून विकायचे ठरले.

दलाल म्हणाला, "घट्ट ऑइल टाका आणि गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवा. काही कळत नाही."

अब्बांनी मान हलवली. "धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण उम्मती. ऐब लपवून आलेल्या पैशात बरकत नसते. आधी दोष शोधा."

मिस्त्रींनी दोन्ही तक्रारी वेगळ्या तपासल्या. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली. स्टार्टर फिरताना बॅटरीवर 10.8 आणि स्टार्टरवर जेमतेम 9 व्होल्ट मिळत होते. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा. अर्थिंगची वायर चासीला जोडते तिथे गंज आणि रंगाचा थर निघाला. निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडून, सँडपेपरने घासून, बोल्ट घट्ट आवळून व्हॅसलीन लावले. स्टार्टर पूर्वीसारखा फिरू लागला. नवी बॅटरी घेतली असती तर पैसे वाया गेले असते.

मग धूर. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, पांढरा म्हणजे बहुधा न जळलेले डिझेल, निळा म्हणजे ऑइल जळतेय. आमच्या एअर क्लीनरच्या भांड्यात ऑइल खुणेच्या वर भरलेले होते, ते इंजिनात ओढले जात होते. ब्रीदरची नळीही चिखलाने बुजली होती. दोन्ही नीट केल्यावर धूर बराच कमी झाला, पण नांगराचा जोर पडला की पुन्हा निघे. मिस्त्रींनी इंजेक्टर काढून कॉम्प्रेशन मोजले. एका सिलिंडरचे कमी भरले. ते म्हणाले, "रिंगा झिजल्या असाव्यात. इंजिन उघडावे लागेल." डिझेल दाबाच्या उष्णतेवर पेटते. त्यामुळे कॉम्प्रेशन कमी झाले की थंडीत सुरू व्हायलाही वेळ लागतो. आमच्या दोन तक्रारींचे मूळ थोडे तिथेही होते.

ट्रॅक्टर शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याने घेतला. थंड इंजिन त्यांच्यासमोर सुरू केले, धूर दाखवला, रिंगांचे सांगितले. किंमत कमी मिळाली. अम्मी थोडी खट्टू झाली.

यंदा ईदगाहवर ते भेटले. रिंगा बदलून ट्रॅक्टर मस्त चालतोय म्हणाले. गळाभेट घेताना आम्हाला नजर चुकवावी लागली नाही. अल्हम्दुलिल्लाह.