काचपेटीतले शेवाळ आणि बोटावरची गाठ

कळंबपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही मासोळ्यांच्या पाण्यातला एक आजार माझ्या दवाखान्यात आला आणि दोन महिने मला तो ओळखता आला नाही. माझी ती चूक वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून आज सांगतो.

ओळखीचे एक शिक्षक. उजव्या हाताच्या बोटावर लालसर-जांभळी गाठ. ताप नाही, दुखणेही फारसे नाही. मी साखर तपासली, नेहमीची प्रतिजैविके दिली, मलम दिले. गाठ हलेना. उलट मनगटाच्या दिशेने ओळीने आणखी दोन गाठी उठल्या. एके दिवशी सहज विचारले, "गुरुजी, रविवारी काय करता?" म्हणाले, "पेटीतले शेवाळ खरडतो, डॉक्टरसाहेब. पोराने पुण्याहून खाऱ्या पाण्याच्या मासोळ्या आणून दिल्या." हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

'मायकोबॅक्टेरियम मरिनम' हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. १९२६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत तो प्रथम ओळखला गेला. तो खाऱ्या आणि गोड्या, दोन्ही पाण्यांत राहतो. त्याला साधारण ३० अंश तापमान मानवते, म्हणून तो हातापायांच्या थंड त्वचेत वाढतो. खरचटलेल्या जागेतून शिरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा गाठ येते. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही. गुरुजींना नागपूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. गाठीचा तुकडा तपासून निदान झाले. चार महिने गोळ्या चालल्या. गाठी गेल्या, पण बोट थोडे आखडलेलेच राहिले.

आता शेवाळाकडे वळू. शेवाळाला उजेड आणि खत, दोनच गोष्टी लागतात. गुरुजींची पेटी खिडकीजवळ होती. मासोळ्यांना दिवसातून चारदा खाद्य पडे. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून नायट्रेट व फॉस्फेट तयार होत. त्यात समुद्री मीठ कालवायला पाणी बोअरचे. शेतातल्या खतांचे नायट्रेट झिरपून बोअरमध्ये उतरू शकते, म्हणजे पाणी बदलतानाही शेवाळाला खुराक मिळायचा.

उपाय सोपे, पण चिकाटीचे. पेटीवर थेट ऊन नको. दिवा आठ तासच ठेवा. मासोळ्या दोन मिनिटांत संपवतील तेवढेच खाद्य घाला. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदला, तेही आरओच्या पाण्यात समुद्री मीठ मिसळून. पेटी नवीन असताना काचेवर तपकिरी थर येतो; तो बहुधा आपोआप ओसरतो, घाबरू नये.

आपल्याकडे मोरचूद घरोघरी ओळखीचा. तो पेटीत टाकण्याचा मोह टाळा. त्यातल्या तांब्याने गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ मरतात. शिवाय शेवाळ एकदम मेले की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. रंगीत प्रवाळ चिकटलेला दगड उकळत्या पाण्यात टाकून साफ करू नये. काही प्रवाळांचे जहाल विष वाफेबरोबर फुफ्फुसात जाते.

साफसफाईच्या वेळी कोपरापर्यंत रबरी हातमोजे घाला. हाताला जखम असेल तर काम दुसऱ्यावर सोपवा. नळी तोंडाने ओढून पाणी काढू नका. शेवटी साबणाने हात धुवा. पेटीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नका.

जाता जाता एक महत्त्वाचे. पेटी हिरवी पडली म्हणजे बोअर खराब, असे सिद्ध होत नाही. पण घरात बाटलीच्या दुधावरचे तान्हे बाळ असेल तर ते पाणी तपासून घ्या. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जास्त असल्यास सहा महिन्यांखालील बाळ निळे पडू शकते. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

गुरुजींच्या मासोळ्या अजून आहेत. हातमोजे पेटीशेजारच्या खिळ्याला टांगलेले असतात. आपल्याही हातावरची गाठ तीन आठवड्यांत बसली नाही, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. घरी मासोळ्या आहेत, हे आपणच सांगा.