तालीम आणि विद्यार्थ्याचें मन

परीक्षा जवळ आली म्हणजे कॉलेजचा विद्यार्थी जी पहिली गोष्ट सोडतो, ती व्यायाम होय. रंकाळ्यावरची सकाळची फेरी बंद होते, जोर-बैठका परीक्षेनंतरवर ढकलल्या जातात, आणि वांचलेला तास पुस्तकास मिळाला असें समजून घरची मंडळीहि समाधान मानतात. हिशेब वरवर बरोबर दिसतो. त्यांत एक रक्कम मात्र मांडावयाची राहून जाते. ती म्हणजे त्या मुलाचें मन.

परीक्षेच्या दालनांत शिरतांना छाती धडधडते, श्वास जलद होतो, तळहातांस घाम सुटतो. भ्यालेल्या मनास हीं लक्षणें संकटाची नांदीच वाटतात. तें अधिक भितें, आणि छाती अधिक धडधडूं लागते. जो रोज धांवतो किंवा बैठका काढतो, त्याला हीच धडधड रोज भेटत असते. ती थोड्या वेळानें आपोआप निवते, हें त्याच्या देहानेंच त्याला शिकविलेलें असतें. शिवाय दमलेल्या शरीरास झोप गाढ लागते. दिवसां वाचलेलें स्मरणांत पक्कें बसण्याचें काम पुष्कळसें झोपेंतच चालतें. तेव्हां रात्रीं दोनपर्यंत दिव्याखालीं (आणि खरें सांगावयाचें तर मोबाइलच्या उजेडांत) जागणारा मुलगा जें मिळवितो, त्यांतलें बरेंचसें पहाटेपर्यंत गमावतो.

२०२४ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें २१८ प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. चालणें, धांवणें, योगासनें आणि वजनें उचलण्याचा व्यायाम यांनीं खिन्नतेच्या विकारास उतार पडतो, आणि व्यायाम जोरकस असेल तर उतार अधिक पडतो, असें त्यांत आढळून आलें.

कोल्हापूरकरांना मात्र ही गोष्ट अगदींच नवी वाटूं नये. 'तालीम' हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थच शिक्षण. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलें, आणि त्यांच्याच कारकीर्दींत १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीचें मैदान उभें राहिलें. वसतिगृह आणि आखाडा हीं एकमेकांचीं वैरी आहेत, असें त्या राजास कधीं वाटलें नाहीं. पुढें १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें कुस्तीचें कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासखर्चासाठीं त्या कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. मल्लासाठीं घर गहाण टाकणारा प्राचार्य ज्या गांवांत होऊन गेला, त्या गांवांत व्यायामास वेळेचा अपव्यय म्हणावें, हें विचित्र होय.

तथापि तालमीचा खरा गुण केवळ मातींत नाहीं. चंदगड, राधानगरी, शाहूवाडी अशा तालुक्यांतून शिकावयास आलेला मुलगा येथें भाड्याच्या खोलींत राहतो. गांवीं त्याला दहा जण हांक मारीत. येथें तो चार दिवस आजारी पडला तरी कोणास कळत नाहीं. तालमींत असें घडत नाहीं. दोन दिवस गडी दिसला नाहीं कीं वस्ताद विचारतो, "पोरगं कुठं गेलं?" हा प्रश्न कित्येक औषधांच्या तोडीचा आहे. पैसे भरून, कानांत गाणीं लावून, यंत्रावर एकट्यानें धांवणाऱ्यास शरीराचा लाभ मिळतो; विचारपूस करणारें माणूस त्याला मिळेलच असें नाहीं. मुलींची अडचण याहून मोठी, कारण जुन्या तालमी बहुतेक पुरुषांच्याच. तिघी-चौघींनीं मिळून ठराविक वेळीं विद्यापीठाच्या आवारांत झपाझप चालण्याचा परिपाठ ठेवला, तर सोबत आणि व्यायाम दोन्ही साधतात.

मान फार मोठें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं सांगितलेला मध्यम व्यायाम आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें, म्हणजे पांच दिवस अर्धा ते एक तास, इतकाच आहे. शिवाय दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम. जोर-बैठकांनीं तेंहि भागतें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कित्येक आठवडे ज्याची झोप उडाली आहे, अन्नावरची वासना गेली आहे, जगण्यांत अर्थ नाहीं असें जो बोलूं लागला आहे, त्याला "चार जोर मार, बरा होशील" असें सांगणें निर्दयपणाचें आहे. ताप चढलेल्यास कोणी आखाड्यांत उतरवीत नाहीं. अशा मुलास डॉक्टरकडेच नेलें पाहिजे. २०२२ च्या ऑक्टोबरांत सरकारनें 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. ती रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहींत, आणि मराठींतूनहि बोलतां येतें. स्वतः फोन करण्याइतकेंहि बळ ज्याच्या अंगीं उरलेलें नसतें, त्याच्यासाठीं खोलींतल्या सोबत्यानें तो लावून द्यावा.