आरोग्य सेवकांचा पोशाख : बाही, खिसा आणि कापड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि गोटमारीस प्रारंभ होतो. जखमींची संख्या शेकड्यांत जाते. त्यांच्यासाठी प्रशासनातर्फे तात्पुरती उपचार केंद्रे उघडण्यात येतात. तेथे मलमपट्टी करणारा हात एका जखमेवरून दुसऱ्या जखमेकडे वळत असतो. हातमोजे बदलले जातात, हातही धुतले जातात. मनगटापर्यंत आलेली बाही मात्र तीच राहते.

ब्रिटनच्या आरोग्य विभागाने २००७ मध्ये, रुग्णाजवळ काम करताना कोपराखालील हात उघडा असावा व मनगटी घड्याळ नसावे, असे धोरण जाहीर केले. बाहीमुळे संसर्ग नेमका किती पसरतो, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. तथापि आखूड बाहीमुळे मनगटासह हात नीट धुता येतो, एवढे निर्विवाद आहे. साडी नेसणाऱ्या परिचारिकेने पदर खोचून वर ॲप्रन बांधणे याच कारणाने इष्ट ठरते.

गळ्याची रचनाही विचारात घ्यावी. डोक्यावरून काढावयाचा सदरा रक्ताने भिजला असल्यास तो काढताना तोंडाला लागतो. पुढून उघडणारा व दाबाच्या बटणांचा अंगरखा त्यामानाने सोयीचा. छातीवरील उघड्या खिशातून, रुग्णावर वाकताच, पेन व तापमापक खाली पडतात. म्हणून खिशास झडप असावी. काखेत चौकोनी तुकडा जोडल्यास हात वर करताना सदरा ओढला जात नाही. खेळाडूंच्या आधुनिक पोशाखात आढळणारी ही युक्ती आपल्याकडील जुन्या शिंप्यांना सदऱ्याच्या शिवणीत पूर्वीपासून अवगत होती. शेतात वाकून काम करणाऱ्या स्त्रीचा कासोटा आणि कापूस वेचताना केलेला ओचा यांतही हालचाल व खिसा यांची सोय साधलेली आहेच. नव्या पोशाखाची आखणी करणाऱ्यांनी त्याकडे अवश्य पाहावे.

शस्त्रक्रियेच्या वेळी हिरवा वा निळा रंग वापरतात, तो केवळ शोभेसाठी नव्हे. लाल रंगाकडे बराच वेळ पाहून नजर पांढऱ्यावर वळविली, की हिरवट छाया दिसू लागते. हिरव्या कापडावर ती जाणवत नाही.

कापडाचा प्रश्न या भागात जिव्हाळ्याचा आहे. २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेल्या पांढुर्णा-सौंसर परिसरात संत्र्याबरोबरच कापूसही पिकतो. सुती कापड घाम शोषून घेते, उन्हाळ्यात अंगाला सुखावते. परंतु पावसाळी दमट हवेत ते लवकर वाळत नाही. गोटमारीचे दिवस नेमके पावसाळ्यातले. तेव्हा कृत्रिम धाग्याचे मिश्रण असलेले कापड अधिक उपयोगी पडते, शिवाय त्याला इस्त्रीही कमी लागते. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने मात्र खादीचा आग्रह धरला. धुण्यावाळविण्याची व्यवस्था चोख असेल, तर वैद्यकीय कामात हातमागाचे कापडही चालते, हे त्यावरून दिसते.

धुलाईविषयी एक सूचना आवश्यक आहे. रक्ताचा डाग प्रथम गरम पाण्यात घालू नये. उष्णतेने रक्तातील प्रथिने गोठून डाग पक्का होतो. हातमोजे घालून थंड पाण्यात डाग सोडवावा व त्यानंतर साबण आणि गरम पाणी वापरावे. रुग्णालयांच्या धुलाईगृहांसाठी ७१ अंश सेल्सिअस तापमान २५ मिनिटे राखण्याचे प्रमाण सांगितले जाते. ब्लीचिंग पावडरचे प्रमाण वाढविल्यास सुती धागा कुजतो आणि नवा ॲप्रनही लवकरच विरतो. वापरलेले कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळ्या पिशवीतून न्यावेत.