सल्ला देणाऱ्याने आपले नाव सांगावे काय?

कोर्टाची नोटीस घरी आली की घरातल्यांची झोप उडते. वकिलाकडे जावे तर फी किती पडेल याची धास्ती. मग मोबाइलवरून कुणालातरी विचारले जाते. उत्तर येते, "घाबरू नका, नोटीस नुसती ठेवून द्या." हे सांगणारा कोण? वकील, कायद्याचा विद्यार्थी, की ऐकीव माहितीवर बोलणारा? तो सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही.

याची किंमत किती पडते ते पाहा. घेतलेल्या कर्जापोटी दिलेला चेक वटला नाही, तर त्याची नोटीस हाती पडल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावे लागतात. न भरल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. "नोटीस ठेवून द्या" म्हणणारा त्या वेळी कुठे शोधायचा?

म्हणून आमचे म्हणणे असे की, कायद्याची सर्वसाधारण माहिती कुणीही द्यावी. पण तुमच्या प्रकरणात काय करावे हे सांगणाऱ्या वकिलाने आपले नाव आणि सनदेचा नंबर सांगितलाच पाहिजे.

एलएल.बी. पास झाला म्हणजे कुणी वकील होत नाही. १९६१ च्या अॅडव्होकेट्स कायद्याप्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवून सनद घ्यावी लागते. आपल्याकडे तो नंबर एमएएच या अक्षरांनी सुरू होतो. वकिलाने गैरवर्तन केले तर याच कायद्याच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक आयोगाचा दरवाजा मात्र मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला. मग नावच ठाऊक नसेल तर तक्रार करणार कुणाविरुद्ध?

आणखी एक गोष्ट. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेले वकिलाला अशिलाच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती आहे. अनोळखी माणसापुढे घरचे सारे उघडे केले, तर हे संरक्षण मिळेलच असे नाही.

काही वकील म्हणतात, नाव सांगितले तर जाहिरात केल्याचा ठपका येईल. वकिलांना जाहिरातीची बंदी आहे हे खरे. परंतु २००८ मध्ये नियमात बदल होऊन नाव, पत्ता, फोन, सनदेचा नंबर, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र वेबसाइटवर देण्याची मुभा मिळाली. विचारणाऱ्याला आपली ओळख देणे ही जाहिरात कशी होईल? दुसरे कुणी म्हणतात, उद्या हा माणूस मलाच आपला वकील समजेल. त्यावर उपाय सोपा आहे. "मी तुमचे वकीलपत्र घेतलेले नाही, कागद पाहिल्याशिवाय पक्के सांगता येणार नाही," एवढे स्पष्ट बोलावे.

वस्तीतले कार्यकर्ते अर्ज लिहून देतात, सोबत कचेरीत येतात. त्यांचे काम मोलाचे आहे. त्यांनीही "मी वकील नाही" हे आधी सांगावे. त्याने त्यांचा मान कमी होत नाही.

माता-भगिनींनो, फीच्या भीतीने अनोळखी सल्ल्यावर विसंबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० या नंबरवर फोनही करता येतो.

आणि आपल्या घरांतून शिकून वकील झालेल्या मुला-मुलींनो, तुमच्या सनदेसाठी आईबापांनी कष्ट उपसले आहेत. गरिबाला सल्ला देताना ते नाव लपवू नका.