मासा मरत नाही, पण पिढी खुंटते

नदीच्या पाण्यावर मेलेल्या माशांचा खच दिसू लागला, की प्रदूषण म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु पाण्यात असेही काही पदार्थ मिसळतात, की ज्यांमुळे मासा मरत नाही. तो पोहतो, खातो, वाढतो. मात्र त्याची पुढची पिढी जन्माला येत नाही. असे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा पुरावा शोधावा लागला. तो शोध कसा लागला, हे इतिहासाच्या अभ्यासकालाही बोधप्रद वाटावे असे असल्याने त्याची मांडणी आम्ही येथे करीत आहोत.

प्राण्यांच्या शरीरात वाढ आणि प्रजनन यांचे नियमन संप्रेरके करतात. ती रक्तातून फिरतात आणि कुलपात किल्ली बसावी तशी पेशींतील ठरावीक जागी बसून आपले काम करवून घेतात. इस्ट्रोजेन हे मादीचे प्रमुख संप्रेरक होय. मादी माशाच्या रक्तात ते वाढले, की तिचे यकृत व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन तयार करते आणि त्यापासून अंड्यातील बलक बनतो. नराच्या यकृतातही ही क्षमता असते, परंतु ती सुप्त राहते. पाण्यातून इस्ट्रोजेन किंवा त्याची नक्कल करणारे रसायन शरीरात शिरले, तर नरही हे प्रथिन बनवू लागतो. म्हणून नराच्या रक्तातील व्हायटेलोजेनिन हा अशा प्रदूषणाचा थेट साक्षीदार ठरतो.

या कथेचा आरंभ इंग्लंडमध्ये झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ली नदीच्या परिसरात, सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या तळ्यांत, रोच जातीचे काही मासे असे आढळले, की त्यांच्यात नर आणि मादी या दोहोंची लक्षणे एकत्र होती. पुढे संशोधकांनी शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नर ट्राउट मासे पिंजऱ्यांत ठेवले. काही आठवड्यांतच त्यांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन प्रचंड प्रमाणात वाढले. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर सुसान जॉब्लिंग, जॉन समप्टर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील नद्यांतील रोच माशांची पाहणी करून १९९८ मध्ये दाखवून दिले, की सांडपाणी सोडले जाते त्याच्या खालच्या अंगाला अनेक नरांच्या वृषणांत अंडपेशी तयार होत आहेत.

हे घडवणारे पदार्थ कोणते? माणसाच्या मूत्रातून बाहेर पडणारी नैसर्गिक इस्ट्रोजेन आणि गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन हे त्यांतील प्रमुख. काही नद्यांत औद्योगिक डिटर्जंटपासून उरणारे नॉनिलफिनॉलही होते. येथे एक गैरसमज दूर करणे आम्हांस आवश्यक वाटते. या प्रश्नाचा ठपका गोळी घेणाऱ्या स्त्रियांवर ठेवणे अन्याय्य आहे आणि अशास्त्रीयही. नैसर्गिक इस्ट्रोजेन स्त्री-पुरुष सर्वांच्याच शरीरातून बाहेर पडते. दोष आहे तो सांडपाणी पुरेसे शुद्ध न करता नदीत सोडणाऱ्या व्यवस्थेचा.

तरीही एक प्रश्न उरला होता. काही नर बाधित झाले, म्हणून माशांची संख्या खरोखर घटते काय? त्याचे उत्तर कॅनडाने दिले. तेथील ओंटारिओ प्रांतात प्रयोगांसाठी राखून ठेवलेल्या तलावांपैकी ‘२६० क्रमांक’च्या तलावात कॅरन किड आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन मिसळले. त्याचे प्रमाण लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम होते. म्हणजे १०० कोटी लिटर पाण्यात जेमतेम ५ ते ६ ग्रॅम. एवढ्यानेच फॅटहेड मिनो या लहान माशाचे नर व्हायटेलोजेनिन बनवू लागले, त्यांच्या वृषणांची वाढ बिघडली, माद्यांमधील अंडी तयार होण्याची क्रियाही विस्कळीत झाली आणि तलावातील ती जात जवळजवळ नाहीशी झाली. हा मासा अल्पायुषी आहे. एक-दोन वर्षे नवी पिल्ले आली नाहीत, की जुनी पिढी संपताच जागा रिकामी होते. लहान मासे संपल्यावर त्यांच्यावर जगणारे मोठे ट्राउटही घटले. ट्राउटचे पाणी तेच राहिले, परंतु त्यांचे अन्न गेले.

या इतिहासाचे पुढचे पान मात्र आश्वासक आहे. संप्रेरक मिसळणे थांबल्यानंतर सुमारे चार वर्षांत मिनो माशांची संख्या पूर्ववत झाली. इंग्लंडमधील एअर नदीकाठी लोकर धुण्याच्या उद्योगातून येणारी डिटर्जंटे कमी होताच तेथे ठेवलेल्या माशांच्या रक्तातील व्हायटेलोजेनिनही घटले. २००३ मध्ये युरोपीय संघाने नॉनिलफिनॉलच्या वापरावर निर्बंध आणले. म्हणजे बिघाड मनुष्यकृत होता, तसा उपायही मनुष्याच्या हाती होता.

आपल्याकडे सांडपाणी शुद्धीकरणाचा विचार होतो तो प्रामुख्याने गढूळपणा, सेंद्रिय घाण आणि जंतू यांच्या मापाने. ती मापे आवश्यकच आहेत, परंतु अपुरी आहेत. कारण लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलेले संप्रेरक पाण्याचा रंग बदलत नाही की वास देत नाही. ओझोन किंवा सक्रिय कोळशाची प्रक्रिया जोडल्यास असे पदार्थ मोठ्या प्रमाणात काढता येतात. त्यासाठी खर्च येतो आणि तो करावयाचा की नाही, हा सार्वजनिक निर्णय असतो. तो निर्णय नागरिकांनी मागावा लागतो. आपल्या गावच्या नदीविषयी ‘मासे मेले काय?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘यंदा पिल्ले दिसली काय?’ हेही विचारावे. पाण्याच्या आरोग्याची खरी साक्ष त्या उत्तरात असते.