पंचांगाबाहेरची पाल

पाल अंगावर पडली तर काय होईल, याचा हिशेब पंचांगात अवयवागणिक मांडलेला असतो. पुरुषाला उजवी बाजू शुभ, बाईला डावी. तंजावरकडेही हे शास्त्र चालतं. तिथे पालीला ‘पल्ली’च म्हणतात. मात्र पडायचं तर पाल आधी भिंतीवर चढलेली हवी.

रामनाडची पाल जमिनीवर राहते. 1771 साली तंजावरच्या तुळजाजीराजांनी ज्या रामनाडवर स्वारी केली, त्याच मुलखातून 1906 साली नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी तिचं वर्णन छापलं. हे गृहस्थ पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले. पालीच्या पाठीवर माशासारखे एकावर एक चढलेले खवले पाहून त्यांनी तिला ‘टेराटोलेपिस’ घराण्यात (म्हणजे जीनसमध्ये) बसवलं आणि नाव दिलं स्कॅब्रिसेप्स, म्हणजे खरखरीत डोक्याची.

मग भाऊबंदकी सुरू झाली. 1934 साली माल्कम स्मिथ आणि श्रीलंकेचे देराणियगल यांनी तिच्यासाठी ‘लोफोफोलिस’ हे वेगळं घराणं काढलं. पुढे ते मोडून तिला ‘हेमिडॅक्टायलस’मध्ये आणलं गेलं. आपल्या ट्यूबलाइटमागची पाल याच घराण्यातली!

मधल्या काळात टेराटोलेपिसला मराठी मुलखात वारस मिळाला होता. 1963 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये जेमतेम चार पानांचा लेख आला. लेखक दोन: लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या अ‍ॅलिस ग्रँडिसन आणि पी. डब्ल्यू. सोमण. पाल रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावची, नाव अल्बोफॅसिएटस, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांची. ग्रँडिसनबाईंचं नाव सरीसृपांच्या अभ्यासकांना ठाऊक असतं. सोमणांचं नाव मात्र या पालीपाठोपाठच येतं, आणि मराठी वाचकाला तर तेवढंही ठाऊक नसतं. हे बरं नव्हे.

2008 साली आरन बावर, वरद गिरी, योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला आणि टेराटोलेपिसच बरखास्त झालं. खवले कितीही वेगळे दिसोत, रक्ताचं नातं हेमिडॅक्टायलसशी निघालं. सिंधमधल्या मूळ टेराटोलेपिसचं तर बारसंच पुन्हा करावं लागलं, कारण तिचं ‘फॅसिएटस’ हे नाव नव्या घराण्यात एका आफ्रिकी पालीने 1842 पासून अडवून ठेवलं होतं. ती आता इम्ब्रिकेटस. त्याच वर्षी गिरी आणि बावर यांनी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरून आणखी एक जमिनीवरची पाल जाहीर केली: हेमिडॅक्टायलस साताराएन्सिस.

एवढी घराणी बदलली, पण डोर्लेची पाल दक्षिण कोकणातल्या जांभ्या कातळाचे सडे सोडून कुठे गेली नाही. दिवसा सुट्या दगडाखाली, रात्री भक्ष्याच्या शोधात. जागतिक लाल यादीत ती ‘असुरक्षित’ वर्गात आहे. सडा सरकारदरबारी बहुधा पोटखराब, म्हणजे लागवडीला नालायक. त्यामुळे चिरेखाण काढा, नाहीतर मातीचा भराव टाकून कलमं लावा, विचारणारं कोणी नाही. ज्या जमिनीखेरीज एखाद्या जीवाला जगात दुसरी जागा नाही तिला खराब म्हणणं, हे त्या दप्तराचं अज्ञान.

सड्यावर गेलात आणि कुतूहलाने एखादा दगड उलटलात, तर तो तसाच, त्याच खळग्यात परत ठेवा.